आईच्या हाताची कस्टम कॉम्प्रेशन स्लीव्ह : मेडिकेअर, बिल आणि कोड

रानजाई

नमस्कार मंडळी. आई आमच्याकडे न्यू जर्सीत असते. वय सत्तरीच्या पुढे, ग्रीन कार्ड आहे, मेडिकेअरचे (ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) पार्ट ए (रुग्णालयाचा) आणि बी (डॉक्टर, साधनं यांचा) दोन्ही आहेत, वर मेडिगॅप म्हणजे उरलेला खर्च उचलणारा पूरक विमाही घेतलेला आहे. डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं तेव्हा काखेतल्या लिम्फ नोड्स काढल्या होत्या, पाठोपाठ रेडिएशन झालं. आता त्या हाताला लिम्फेडिमा आहे, म्हणजे लिम्फचं पाणी साचून येणारी सूज. मनगटापासून कोपरापर्यंत सूज, शिवाय तळहाताच्या मागच्या बाजूला आणि बोटांच्या मुळाशीही. थेरपिस्टकडे रोज बँडेज बांधून सूज बरीच उतरली आहे आणि आता ती म्हणते की पुढे कस्टम स्लीव्ह (हाताला सतत दाब देणारी बाही) लागेल, हातमोज्यासकट सलग, मापाने विणलेली.

जिथे चौकशी केली त्या दुकानाने सांगितलं, "मेडिकेअर कॉम्प्रेशनचे कपडे देत नाही. पूर्ण रक्कम आधी भरा, मग ऑर्डर टाकू." रक्कम ऐकून आईने तिथेच मान हलवली. म्हणते, एवढ्या पैशात दुसरं काही होईल, मी आपली बँडेजच बांधत राहीन. तिला ती एका हाताने बांधता येत नाहीत आणि मी दिवसभर कामावर असते. हे ती मुलीचा खर्च वाचावा म्हणून बोलते आहे आणि ते मला ऐकवत नाही.

मेडिकेअर खरंच देत नाही का? कुणाला अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.

पायवाट

आम्ही सासूबाईंसाठी ऑनलाइन तयार स्लीव्ह मागवली होती, छोटी-मध्यम-मोठी अशा मापातली. त्यांना चालली. विम्याच्या भानगडीत पडलो नाही.

खातेवही

रानजाई, पैसे भरू नका. थांबा.

मी वैद्यकीय साधनं पुरवणाऱ्या एका कंपनीत बिलिंगचं काम करते. तुम्हाला सांगितली गेलेली माहिती जुनी आहे. ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत ती बरोबर होती. मेडिकेअरच्या कायद्यात या कपड्यांसाठी कप्पाच नव्हता. ते धड टिकाऊ उपकरणात बसत नव्हते, धड कृत्रिम अवयवात किंवा ब्रेसमध्ये. त्यामुळे डॉक्टरने कितीही कळकळीचं पत्र लिहिलं तरी क्लेम नामंजूरच व्हायचा. रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांनी कित्येक वर्षं संसदेत पाठपुरावा केला, तेव्हा कुठे डिसेंबर २०२२ मध्ये लिम्फेडिमा ट्रीटमेंट अॅक्ट मोठ्या खर्च-विधेयकाचा भाग म्हणून मंजूर झाला. १ जानेवारी २०२४ पासून पार्ट बी मध्ये लिम्फेडिमाच्या कॉम्प्रेशन साहित्यासाठी स्वतंत्र लाभ आहे. तयार कपडे, कस्टम कपडे, रात्रीचे पॅड असलेले कपडे, वेल्क्रोचे रॅप, बँडेजचं सामान आणि ते चढवायची साधनं, सगळं त्यात येतं.

किती मिळतं: प्रत्येक बाधित अवयवासाठी दर ६ महिन्यांत दिवसाचे ३ कपडे, आणि दर २ वर्षांत रात्रीचे २. तिन्ही कस्टमच असायला हवेत असं नाही, दोन कस्टम आणि एक तयार असंही चालतं. हरवला, चोरीला गेला, दुरुस्त होणार नाही इतका फाटला, किंवा हाताचं मापच बदललं, तर मुदतीच्या आधीही नवा मिळू शकतो. मात्र त्याचं कारण लेखी नोंदलेलं हवं.

तुमचा वाटा: पार्ट बी ची वर्षाची डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी आपण भरायची रक्कम) भरून झाली की मंजूर रकमेच्या २० टक्के. २०२४ मध्ये डिडक्टिबल २४० डॉलर होती, २०२५ मध्ये २५७. बँडेज आणि थेरपीच्या भेटी झाल्या आहेत म्हणजे ती बहुधा भरूनही झाली असेल. उरलेले २० टक्के बहुतेक मेडिगॅप प्लॅन उचलतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पुरवठादार निवडताना एकच प्रश्न पुरत नाही, दोन विचारायचे. "तुम्ही मेडिकेअरमध्ये नोंदणीकृत साधन-पुरवठादार आहात का?" आणि लगेच, "या ऑर्डरसाठी असाइनमेंट स्वीकाराल का?" असाइनमेंट म्हणजे मेडिकेअरने मंजूर केलेली रक्कम हीच पूर्ण किंमत मानणं.

नोंदणीच नसेल तर मेडिकेअर एक पैसाही देणार नाही, नंतर पावती पाठवूनही नाही. पायवाट, ऑनलाइन खरेदीचा धोका इथे आहे. संकेतस्थळ चांगलं असेल, कपडाही चांगला असेल, पण विकणारा नोंदणीकृत नसेल तर सगळा खर्च आपला. नोंदणी आहे पण असाइनमेंट स्वीकारत नाही, हा दुसरा प्रकार. डॉक्टरांच्या बाबतीत जादा आकारणीला कायद्याने मर्यादा घातलेली आहे, साधनांच्या पुरवठादारांना ती मर्यादा नाही. ते मनाला येईल ती किंमत लावू शकतात, आधी सगळी घेऊ शकतात, आणि मेडिकेअर तुम्हाला परत देईल ते तिच्या दरपत्रकातल्या रकमेच्या ८० टक्के. मधला फरक तुमच्या खिशातून जातो. असाइनमेंट स्वीकारणारा मात्र मंजूर रकमेपेक्षा जास्त मागू शकत नाही. "पार्टिसिपेटिंग" म्हणून नोंद असलेल्यांना ती दर वेळी स्वीकारावीच लागते, म्हणून शोध तिथून सुरू करा. मेडिकेअरच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकून पुरवठादारांची यादी मिळते, किंवा १-८००-६३३-४२२७ वर विचारता येतं.

त्या दुकानाने कोटेशन लेखी दिलं असेल तर त्यावर वस्तूचा कोणता कोड (बिलात वापरायचं ठरावीक अक्षर-अंकांचं चिन्ह) आहे ते इथे लिहा. डॉक्टरच्या चिठ्ठीवर निदानाचा कोड कोणता आहे तेही पाहा.

हातरुमाल

मी लिम्फेडिमाची प्रशिक्षित थेरपिस्ट आहे. खातेवहींनी पैशाचं नीट सांगितलं, मी कपड्याचं सांगते, कारण क्लेममध्ये तेही उपयोगी पडतं.

पायवाट, तुमच्या सासूबाईंना तयार स्लीव्ह बसली ही चांगली गोष्ट आहे आणि सौम्य, सारख्या आकाराच्या सुजेला ती बसतेच. ती गोल विणीची असते, शिवण नसते, नळीसारखी सरळ निघते. रानजाईंच्या आईंच्या वर्णनात मला दोन गोष्टी दिसतात. पंजाच्या मागे सूज आहे, म्हणजे नुसती स्लीव्ह घातली तर ती मनगटाशी थांबेल आणि पाणी पंजात साचेल. म्हणून हातमोजा हवा. दुसरं म्हणजे रेडिएशननंतर हाताचा आकार अनेकदा कोपराजवळ एकदम बदलतो, तिथे घडी पडते, काही ठिकाणी कातडीखालचा भाग घट्ट होतो. अशा हातावर गोल विणीचा कपडा गुंडाळतो आणि घडीत रुततो. सपाट विणीचा कपडा ओळीगणिक टाके कमी-जास्त करून त्या हाताच्या आकाराने विणतात आणि मग शिवतात. कापड जाड असतं, घडीत शिरत नाही.

हे सगळं माझ्या नोंदीत लिहिलेलं नसेल तर बिल करणाऱ्याच्या हातात काहीच नसतं. "कस्टम गारमेंट आवश्यक" एवढं वाक्य उपयोगाचं नाही. मी कोणकोणत्या ठिकाणचा घेर किती आला, उत्पादकाच्या तयार तक्त्यात तो कुठे बसत नाही, घड्या कुठे आहेत, तयार कपडा घालून पाहिला असेल तर काय झालं, हे लिहिते. तुमच्या थेरपिस्टला नोंदीची प्रत मागा. तो तुमचा हक्क आहे.

माप घ्यायची घाई करू नका. सूज उतरून काही दिवस एका जागी स्थिर राहिली की, बँडेज सोडल्याबरोबर माप घ्यायचं. अर्धवट सुजेवर घेतलेल्या मापाचा कपडा येईपर्यंत ढगळ होतो, आणि तो ६ महिन्यांतल्या तीनपैकी एक म्हणून मोजला जातो.

रानजाई

दोघींचे मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. "म्हणजे सरकार देतं?" एवढंच म्हणाली, पण बऱ्याच दिवसांनी तिने स्वतःहून हात पुढे करून दाखवला.

कोटेशनवर एस८४२० असा कोड आहे. सर्जनच्या ऑफिसने दिलेल्या चिठ्ठीवर "कॉम्प्रेशन स्लीव्ह, डावा हात" आणि निदान आर६०.० लिहिलं आहे.

खातेवही

इथे दोन्ही गोष्टी बदलाव्या लागतील. ऑर्डर जायच्या आधी सापडल्या हे फार बरं झालं.

आर६०.० म्हणजे एका जागची सूज. ते लक्षण झालं, लिम्फेडिमा नव्हे. मेडिकेअरचा हा लाभ फक्त लिम्फेडिमाच्या निदानाला आहे, त्यामुळे या कोडवर क्लेम पहिल्या फटक्यात परत येईल. तुमच्या आईंना स्तनाच्या ऑपरेशननंतर लिम्फेडिमा झाला आहे, त्याला स्वतंत्र कोड आहे, आय९७.२. इतर कारणांच्या लिम्फेडिमाला आय८९.०, जन्मजात असेल तर क्यू८२.०. कोणता लावायचा हे डॉक्टरच ठरवणार, आणि नुसता चिठ्ठीवर बदलून भागत नाही. भेटीच्या नोंदीतही लिम्फेडिमाचं निदान हवं, कारण तपासणी झाली तर ती नोंद मागतात. सर्जनच्या ऑफिसला फोन करून नम्रपणे सांगा की थेरपिस्टने लिम्फेडिमाची मापं नोंदवली आहेत, कृपया त्या आधारे ऑर्डर दुरुस्त करून द्या. त्या ऑफिसांत रोज शेकडो चिठ्ठ्या जातात, आर६०.० हा सवयीने पडणारा कोड आहे.

एस ने सुरू होणारे कोड मेडिकेअर घेतच नाही. ते खाजगी विमा कंपन्यांसाठी आहेत. एस८४२० म्हणजे स्लीव्ह आणि हातमोजा एकत्र, कस्टम. तीच वस्तू मेडिकेअरसाठी ए६५७४. हातमोजा वेगळा आणि स्लीव्ह वेगळी केली तर कस्टम स्लीव्ह ए६५७६ किंवा जाड कापडाची असल्यास ए६५७७, कस्टम हातमोजा ए६५७९ किंवा ए६५८०. सोबत डाव्या बाजूसाठी एलटी हा मॉडिफायर, म्हणजे कोडला जोडायची खूण. जे दुकान २०२४ नंतरही मेडिकेअरच्या रुग्णाला एस कोडचं कोटेशन देतं, त्याने हा लाभ अजून वापरलेलाच नाही असं मी समजते. दुसरं दुकान शोधा असंच सांगेन.

आणखी एक. मेडिकेअर पुरवठादाराला जी रक्कम देते तिच्यातच माप घेणं, बसवून बघणं आणि घालायला शिकवणं धरलेलं आहे. त्याचं वेगळं बिल तुम्हाला येता कामा नये. पण यातूनच एक अडचण निघते, थेरपिस्टला मापाचे वेगळे पैसे मेडिकेअरकडून मिळत नाहीत. काही पुरवठादार थेरपिस्टशी करार करून तिला त्याचं मानधन देतात, काही स्वतःचा माणूस पाठवतात. माप कोण घेणार, आणि कपडा बसला नाही तर पुन्हा विणून कोण देणार, हे ऑर्डर द्यायच्या आधी विचारा. कस्टम कपड्यात पुन्हा विणून देण्याची मुदत उत्पादकाकडून ठरलेली असते. पाकीट घरात न उघडता पडून राहिलं तर ती निघून जाते.

उंबरठा

धागा मेडिकेअरचा आहे, तरी नोकरीतल्या विम्याचं लिहिते, कारण माझ्यासारख्या चाळिशीतल्या बायका इथे नक्की वाचत असतील.

माझी कस्टम स्लीव्ह विमा कंपनीने नाकारली. कारण दिलं, "कॉम्प्रेशनचे कपडे या प्लॅनमध्ये वगळलेले आहेत." प्लॅनच्या पुस्तिकेत ते वाक्य होतंही. पण १९९८ चा विमेन्स हेल्थ अँड कॅन्सर राइट्स अॅक्ट सांगतो की जो प्लॅन स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च देतो, त्याने त्यानंतरच्या सर्व टप्प्यांतल्या शारीरिक गुंतागुंतींवरचे उपचारही द्यायला हवेत, आणि त्यात लिम्फेडिमाचं नाव घेऊन उल्लेख आहे. डिडक्टिबल आणि को-पे (दर वेळी आपण द्यायचा वाटा) लागतात, पण ते इतर उपचारांसारखेच असायला हवेत.

अपिलात मी भावनेचं काही लिहिलं नाही. पहिल्या परिच्छेदात शस्त्रक्रिया याच प्लॅनने मंजूर केल्याचा पुरावा जोडला. दुसऱ्यात कायद्याचा तो भाग. तिसऱ्यात थेरपिस्टची मापं आणि कपडा न घातल्यास वारंवार होणारा त्वचेचा संसर्ग, ज्यासाठी मला एकदा रुग्णालयात राहावं लागलं होतं. दुसऱ्या पायरीवर मंजूर झालं. नकार मिळाल्यापासून अंतर्गत अपिलाला १८० दिवस असतात, आणि तेही फेटाळलं तर त्रयस्थ परीक्षकाकडे जायला ४ महिने. या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा.

तुमचा प्लॅन कंपनी स्वतःच्या पैशातून चालवते की विमा कंपनीच्या, हे मनुष्यबळ विभागाला विचारा. कंपनीचा स्वतःचा असेल तर राज्याच्या विमा आयुक्तांकडे तक्रार करून उपयोग नसतो, ती केंद्राच्या कामगार खात्याकडे जाते. हे मला खूप उशिरा कळलं आणि कुणीतरी आधी सांगायला हवं होतं असं वाटत राहतं.

खातेवही

उंबरठा, फार उपयोगी लिहिलंत. एक जोड देते. ६५ च्या पुढच्या रुग्णाचा जोडीदार अजून नोकरीत असेल आणि त्या कंपनीत २० किंवा जास्त कर्मचारी असतील, तर त्या नोकरीचा विमा आधी आणि मेडिकेअर नंतर. क्रम चुकला की दोघंही नाकारतात आणि रुग्णाला वाटतं कपडाच मिळत नाही.

सुपारीफूल

आमच्या बाबांचं मेडिकेअर अॅडव्हांटेज आहे, म्हणजे खाजगी विमा कंपनीमार्फत घेतलेलं मेडिकेअर. त्यांना कॅन्सर नव्हता, अपघातानंतरच्या शस्त्रक्रियेमुळे उजव्या हाताला लिम्फेडिमा झाला. त्यांना हे लागू होतं का? प्लॅनच्या फोनवरची बाई म्हणाली, कव्हरेज फक्त ब्रेस्ट कॅन्सरनंतर.

खातेवही

लागू होतं. मेडिकेअरच्या लाभात कॅन्सरची अट नाही, पुरुष-स्त्री भेद नाही. ती बाई बहुधा १९९८ च्या कायद्याशी गल्लत करते आहे. मूळ मेडिकेअर जे देते ते अॅडव्हांटेज प्लॅनलाही द्यावंच लागतं. फरक एवढाच की ते त्यांच्या जाळ्यातला, म्हणजे त्यांच्याशी करार असलेला, पुरवठादार वापरायला लावतात आणि आधी परवानगी मागतात. फोनवरचा नकार हा नकार नसतो. पुरवठादाराकडून पूर्व-परवानगीची लेखी विनंती पाठवायला लावा, नकार आला तर तो लेखी येईल आणि त्यावर अपील करता येईल. त्यांच्या जाळ्यात कस्टम हाताचे कपडे करणारा कुणीच नसेल तर बाहेरच्याकडे जाण्याची परवानगी मागा. हा शब्दप्रयोग मुद्दाम करा, "तुमच्या जाळ्यात उपलब्ध नाही म्हणून".

ओवी१२

आई सहा महिन्यांसाठी आली आहे, व्हिजिटर विमा आहे. तिला काही मिळेल?

खातेवही

वाईट वाटतं, पण नाही. जुन्या आजाराचा असा खर्च व्हिजिटर विमा सहसा देत नाही, आणि मेडिकेअर विकत घ्यायलाही ६५ वर्षं पूर्ण आणि ग्रीन कार्डवर सलग ५ वर्षं वास्तव्य लागतं. रोख किंमत दोन-तीन पुरवठादारांकडे विचारा, ती बिलाच्या किमतीपेक्षा बरीच कमी असू शकते. आणि मापाचा तक्ता मागून घ्या, पुढची ऑर्डर कुठूनही देता येईल.

रानजाई

कळवायचं राहिलं होतं. सर्जनच्या ऑफिसने ऑर्डर बदलून दिली, आय९७.२ सह, आणि पुढच्या भेटीच्या नोंदीत निदान लिहिलं. पार्टिसिपेटिंग पुरवठादार थोडा लांब मिळाला. त्यांनी माप आमच्या थेरपिस्टकडूनच घेतलं. आधी काहीही पैसे मागितले नाहीत. दोन कस्टम सेट आले आहेत, एक अंगावर, एक धुण्यात. क्लेम मंजूर झाला, आमचा वाटा मेडिगॅपने उचलला.

आईला सकाळी चढवायला त्रास होतो. रबरी हातमोजे घालून ओढायला थेरपिस्टने शिकवलं, तरी दंडाशी अडकते. आणि रात्री हात पुन्हा जड होतो म्हणते. तिसरा कपडा रात्रीसाठी मागावा का?

हातरुमाल

दिवसाची सपाट विणीची स्लीव्ह रात्री घालू नये, झोपेत ती घड्यांत दाबते. रात्रीचा कपडा वेगळा असतो, आत पॅड आणि खाचा असलेला. थेरपिस्टला रात्रीची सूज सकाळी मोजून नोंदवायला सांगा. चढवण्यासाठी सरकता कापडी मोजा मिळतो, तो खूप कामाचा आहे. दंडाशी अडकतं हेही तिला दाखवा, वरचा घेर कमी आला असेल तर आत्ताच सांगायला हवं.

खातेवही

रात्रीचा कपडा दिवसाच्या तीनमध्ये मोजला जात नाही, त्याचा हिशेब निराळा, २ वर्षांत २. हाताचा पॅड असलेला तयार ए६५२२, कस्टम ए६५२३. त्यासाठी डॉक्टरची ऑर्डर स्वतंत्र लागेल, त्यात "रात्रीसाठी" हे शब्द, संख्या आणि बाजू असू द्या. चढवायचं साधन याच लाभात येतं, ते त्याच ऑर्डरवर लिहून घ्या.

तिसरा दिवसाचा कपडा अजून शिल्लक आहे. ६ महिने संपायच्या आत तो घ्यायचा असेल तर पुरवठादाराला आत्ताच तारीख विचारून ठेवा. कुरिअरने आला तर पाठवलेला दिवस धरता येतो, हातात घेतला तर घेतलेला दिवस. पुढच्या ६ महिन्यांची ऑर्डर देताना थेरपिस्टकडून पुन्हा माप घ्या, जुन्या मापावर टाकू देऊ नका. आणि कधी नकार आलाच तर मेडिकेअरच्या नोटिशीत शेवटच्या पानावर अपिलाची पद्धत असते, नोटीस मिळाल्यापासून १२० दिवस मिळतात. नोटीस इथे टाका, नाव आणि नंबर झाकून. कारणाचा कोड बघून काय जोडायचं ते सांगेन.